आखाजी ते आखाजी मोटार विमा मंडळी

२१ एप्रिल १९३५, रविवार. दुपारी १-४०

ही वही आजपासून. खाजगी. बायकोला, भिकुबाईला, वाचता येत नाही, तरी ट्रंकेतच ठेवणे.

छगनलालशेटच्या दुकानी मुंबईहून पार्सल आलं. वरचा कागद इंग्रजी वर्तमानपत्राचा. शेट तो जाळायला देत होते, मी मागून घेतला. डिक्शनरी घेऊन तीन तास वाचला. एका विमा कंपनीच्या सालीना सभेचा रिपोर्ट आहे. मोटारवाले दरसाल कंपनीला प्रीमियम देतात. अपघात झाला तर कंपनी भरपाई देते. नाही झाला तर पैसे कंपनीचे. आणि बहुतेकांना होतच नाही.

म्हणजे जे होत नाही त्याचे पैसे. बावीस वर्षं शेटकडे मुनीम आहे, जे झालं तेवढंच लिहीत आलो. ही गोष्ट आधी कशी सुचली नाही.

आपल्याकडचे आकडे (माझ्या आठवणीने, म्हणजे पक्के). गेल्या पाच सालात नंदुरबार भागात उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे अपघात एकूण दोन. सन ३१, इंद्रसिंगची मोटार निंबाला लागली, दिवा फुटला, १ रु. १२ आणे. निंब अजून आहे. सन ३३, रनाळ्याजवळ कोंबडी, १० आणे. बेरीज २ रु. ६ आणे. सालीना सरासरी ७ आणे ७ पै आणि वर पैचा पाचवा हिस्सा.

तीन मोटारी, दर मोटारीस प्रीमियम २५. जमा ७५. नफा ७४ रु. ८ आणे ४ पै, आणि वरचे पैचे चार पंचमांश सोडून दिले.

शेट मला सालीना २१६ देतात हे खरं. पण तो पगार आहे, काम करावं लागतं. हा नफा आहे.

२४ एप्रिल, बुधवार

सर्व्हे. शिंप्याकडून टेप आणली. मोटारवाले दोघंच: रनाळ्याचा सुपडू (मोटारी दोन; बैलजोड्या विकून घेतल्या) आणि शहाद्याचा इंद्रसिंग (मोटार एक).

सुपडूची पहिली मोटार, लांबी १४ फूट साडेतीन इंच. खात्रीसाठी पुन्हा मोजली, तर १४ फूट दोन इंच. मधल्या वेळात मागचं मडगार्ड पडलं होतं. दोन्ही आकडे नोंदले.

ब्रेकची चौकशी केली. सुपडू म्हणाला, ब्रेक शे, पन आम्ही वापरतस नही, घसाई जाई. काटकसरी माणूस. रिस्क कमी.

त्याला इन्शुरन्स समजावला. नाही समजला. इंग्रजी शब्द काढून समजावला, तरी नाही. त्याला समजेल अशी भाषा शोधणे.

२८ एप्रिल, रविवार. सायंकाळी ६-१५

नोकरीचा राजीनामा दिला. शेटनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, मुनीमजी, थांरी गादी पाडवा तक खाली राखस्यूं. म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या सुरू होतात तोवर माझी जागा ते कोणाला देणार नाहीत. मी नम्रपणे सांगितलं की तसदी घेऊ नये. त्या गादीवर मी परत बसणार नाही. बावीस वर्षांत तिचा कापूसही कोणी पिंजला नाही.

घरी भिकुबाईने विचारलं, मोटार मोडनी ते पैसा कोन देई. म्हटलं, मी. तुमनाजोडे तेवढा पैसा शेत का. म्हटलं, मोडणारच नाही. मंग त्या लोके काब्रं देतीन, कसाले देतीन.

बायकांना सरासरी समजत नाही.

२ मे, गुरुवार

भाषा सापडली. इकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठेवतात. आखाजी ते आखाजी साल. रोख, ज्वारी, धोतर, घोंगडी, वहाणा यांची बोली होते, नारळ फुटतो, आणि मग वर्षभर मालकाच्या शेताची, बैलांची जबाबदारी सालदाराच्या शिरावर. ही पद्धत लहान पोरालाही माहीत. तेव्हा पॉलिसीचं सालही आखाजी ते आखाजी धरायचं. मुंबईच्या कंपन्यांना लोकांची नाडी समजत नाही ती अशी.

सुपडूला सांगितलं, उद्या तुझ्या मोटारीला काहीही झालं तर वर्षभर मी बघणार. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, आस्सं आधी सांगानं ना मुनीमजी, माले वाटनं काय न काय शे. इंद्रसिंगलाही त्यानेच समजावलं, अर्ध्या मिनिटात. मला तीन दिवस लागले होते.

पॉलिसी लिहिली. अठरा कलमं. नववं विशेष साधलं आहे: साल पुरं होण्याआधी करार मोडणाराने घेतलेलं सर्व दुपटीने परत करावं. गिऱ्हाईक मध्येच पळायला नको.

५ मे, रविवार. आखाजी

आखाजी ते आखाजी मोटार विमा मंडळी स्थापन. मॅनेजिंग डायरेक्टर मी. इतर डायरेक्टर यथावकाश.

रनाळ्याला सुपडूच्या ओट्यावर समारंभ. प्रीमियम ७५ ठरला होता, पण रोख ४८ जमले. बाकीचं वस्तुरूप: ज्वारी सहा मण, धोतर एक, घोंगडी एक, वहाणा एक जोड. मी हरकत घेतली नाही. उलट वहाणा पायाचं माप घेऊन करवल्या होत्या, हा आदर शेटनी बावीस वर्षांत दाखवला नाही.

सुपडूच्या आईने, नानीबाईने, मला कुंकू लावलं, नारळ फोडला. म्हणे, बैलेस्ले जपस तसं मोटारेस्ले जपजो भाऊ. म्हातारीला विम्याचं तत्त्व एका वाक्यात उमगलं.

इंद्रसिंगने पॉलिसीवर सही केली. सुपडूने अंगठा.

६ मे, सोमवार. पहाटे ५-२०

सुपडूचा निरोप आला, मोटार निघायची आहे, या. गेलो. ग्राहकाने पहिल्याच दिवशी कंपनीला बोलावणं ही विश्वासाची खूण. रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं, म्हणून विहिरीवरून दोन बादल्या आणल्या. हँडल मारलं, अकरा वेळा. इंजीन तापून बिघडलं असतं तर क्लेम माझ्यावर. दोन बादल्यांत एक क्लेम वाचला. याला लॉस प्रिव्हेन्शन म्हणतात, त्या रिपोर्टात आहे.

निश्चय: उद्यापासून फक्त सुपरव्हिजन.

९ मे, गुरुवार

बादल्या सहा. उद्यापासून सुपरव्हिजन.

२० मे, सोमवार

प्रकाश्याला तापीच्या पात्रात सुपडूची मोटार वाळूत रुतली. उतारू एकोणीस. सगळे पात्राच्या झाडोऱ्यात सावलीला जाऊन बसले. सुपडूने माझ्या हाती फावडं दिलं आणि तोही बसला. म्हटलं, अरे, थोडा हात लाव. म्हणाला, आप्पा, मी हात लावसू ते तुले साल कसानं देल शे.

मुद्द्याला धरून होतं. त्याने रिस्क मला दिली आहे. दिलेली रिस्क तो पुन्हा उचलेल कशाला.

चार तास वीस मिनिटांनी मोटार निघाली. क्लेम शून्य. हातांना फोड सात (उजवा चार, डावा तीन). उतारूंतल्या एका म्हाताऱ्याने शाबासकी दिली, म्हणाला, सुपडू, माणूस वयना शे पन खटपट्या शे.

नोंद: आखाजीपूर्वी सुपडू मला मुनीमजी म्हणे आणि तुम्ही म्हणे. आता आप्पा आणि तू. जिव्हाळा वाढतो आहे.

२३ जून, रविवार

पात्रात पाणी आलं. आता सुपडूच्या मोटारी अलीकडच्या काठापर्यंत, नावेने पलीकडे, तिथून इंद्रसिंगची मोटार. उतारूंची गाठोडी मोटारीतून नावेत, नावेतून मोटारीत. ती कोणी न्यायची हा प्रश्न पॉलिसीत नाही. तात्पुरता मी नेतो. गाठोडं नदीत पडलं तर उतारू मोटारवाल्याकडे भरपाई मागेल, मोटारवाला माझ्याकडे.

दोघा ग्राहकांना लेखी नोटीस दिली. कंपनीची जबाबदारी नुकसानभरपाईपुरती असून अंगमेहनत तीत येत नाही, अशा अर्थाची, सात परिच्छेद. सुपडूने नोटिशीत भजी घेतली. इंद्रसिंगने मात्र पूर्ण वाचली. अक्षर झकास शे म्हणाला. उद्यापासून उतारूंच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझ्याकडे.

बढती म्हणता येईल.

११ जुलै, गुरुवार. दुपारी २

दोन महिन्यांचा आढावा. जमा ७५. क्लेम ०. नफा शेकडा शंभर. मुंबईच्या कंपनीला तो शेकडा बावीस पडला होता. त्यांनी माझ्याकडून शिकावं.

शेजारच्या वाड्यावरचा सालदार लोटन भेटला. बिडी पेटवून माझ्याजवळच टेकला. म्हणे, आप्पा, तुले तमाखूना पैसा भेटतस का. म्हटलं, कसला. म्हणे, आम्हले भेटतस, मांगी ले. मग आपण होऊन आपली बोली सांगितली: रोख ५०, ज्वारी आठ मण, धोतर दोन, घोंगडी एक, वहाणा दोन जोड. माझी विचारली. मी सांगितलं की हा प्रीमियम आहे, बोली नव्हे. तो मान हालवून म्हणाला, सहा मन कमी शे आप्पा, तुले ठगाडं त्यास्नी.

अशिक्षित माणूस कशाचीही कशाशी तुलना करतो.

तरी सुपडूकडे किरकोळ कार्यालयीन खर्चाची मागणी केली. लगेच मंजूर. महिना दोन आणे, तमाखू म्हणून. मी तमाखू ओढत नाही, पण रक्कम नाकारल्याने हिशेबात घोळ होतो.

२८ ऑगस्ट, बुधवार. पोळा

मंडळीच्या इतिहासातला मानाचा दिवस. सविस्तर लिहितो.

सुपडूकडे बैल राहिले नाहीत. पण नानीबाईचं म्हणणं, घरात जे राबतं त्याला पोळा करायचा. म्हणून सकाळी दोन्ही मोटारी मीच धुतल्या. दिव्यांभोवती गेरूची वर्तुळं, हॉर्नला गोंडे, बॉनेटवर झूल. झूल आखूड पडली (लांबीला पुरली, बैल ५ फूट, बॉनेट ३ फूट ८; कमी पडली ती रुंदीला). पुढच्या दांड्याला कासरा बांधला आणि तो कोणी धरायचा याबद्दल कोणी चर्चासुद्धा केली नाही, सरळ माझ्या हातात दिला.

इंजीन बंद. मागून आठ माणसं ढकलत होती, पुढे मी कासरा धरून, नव्या फेट्यात. वेशीतल्या तोरणाखालून सर्वांत पहिली आमची मोटार. वाजंत्री. लोक दुतर्फा. डायरेक्टरची अशी मिरवणूक मुंबईतही निघत नसेल.

बैलांच्या रांगेत बाकी सगळे सालदारच होते, प्रत्येकाच्या हाती कासरा. लोटनने आपल्या बैलांमागून मला हात केला. मी मान किंचित हालवली.

भिकुबाई नंदुरबारहून बघायला आली होती. तोंडाला पदर लावून उभी होती, खांदे हालत होते. भरून आलं असावं.

नंतर नानीबाईने मोटारीच्या चाकांवर पाणी घातलं, रेडिएटरवर पुरणपोळीचा घास ठेवला, तसाच माझ्या तोंडात दिला. आता सुपडू मला नुसतं चुडामण म्हणतो. रेडिएटरवरचं पुरण सायंकाळी मी खरवडून काढलं.

१४ सप्टेंबर, शनिवार. सायंकाळी ५-३०

आला. पहिला खराखुरा अपघात आला. सुपडूची मोटार मागे घेताना रनाळ्याच्या धनुबाईच्या गोठ्याच्या भिंतीत घुसली. भिंत साडेसहा फूट पडली. जीवितहानी नाही. (म्हैस दचकली.)

खोटं का बोलू, आनंद झाला. चार महिने क्लेम फॉर्म तयार करून ठेवला होता, चौतीस प्रश्न, तो वापरायची संधीच येत नव्हती. आता रोख भरपाई मोजून देणार, सगळ्या गावासमोर, म्हणजे विमा काय असतो ते सर्वांना कळेल. भिंतीची किंमत साडेनऊ रुपये काढली, थैलीत घालून गेलो.

धनुबाईसमोर बसून फॉर्म भरू लागलो. चौथ्या प्रश्नाला ती म्हणाली, फारम ऱ्हाऊ दे रे भाऊ, ढोरे उघडा शेत, भित कव्हय बांधशी. म्हटलं, मावशी, मी पैसे देणार. ती सुपडूला हाक मारून म्हणाली, तुन्हा सालदार पैसास्नी गोष्ट करी ऱ्हायना.

सुपडू आला. थैली माझ्या खिशात परत घातली. चारचौघांतून मला बाजूला घेऊन समजावलं, चुडामण, तू गरीब माणूस, तुन्हा पैसा आम्ही लेसूत का. आन् मग टोपलं दिलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

भिंत पुरी. माती मी कालवली, विटा मी लावल्या. नवी भिंत जुनीपेक्षा चार इंच उंच. क्लेम रोखीने न देता श्रमाने चुकता केला, राखीव निधी शाबूत. नफा शेकडा शंभर कायम.

कंबर वाकत नाही. वाकली तर उठत नाही.

फॉर्म चौथ्या प्रश्नापर्यंत भरलेला आहे. फाईल केला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

शांतपणे विचार केला. मंडळीचा पाया घातला गेला आहे. आता विस्तार. विस्ताराला मध्यवर्ती ठिकाणी, गावात, सावलीत, बसायची जागा हवी. अशी एक जागा रिकामी आहे. शेटची गादी. नोकरी म्हणून नव्हे. शेटचे हिशेब लिहीत असताना तिथूनच विम्याकडे लक्ष ठेवता येईल. शिवाय ती गादी मऊ आहे. कापूस दबून दबून माझ्या आकाराचाच झालेला आहे, दुसऱ्या कोणाला ती बसणार नाही.

पाडवा २८ला. त्याआधी सुपडू-इंद्रसिंगांशी करार आपसांत मिटवणे.

भिकुबाईला सांगितलं. तिने माझा कोट ट्रंकेतून काढून उन्हात टाकला.

२१ ऑक्टोबर, सोमवार

दोघांना इंद्रसिंगच्या मोटारीपाशी गाठलं. म्हटलं, मंडळी काही दिवस स्थगित ठेवू. सुपडूला वाटलं, मी आजारी आहे. नानीबाईने काढा पाठवला होता, तो दिला. म्हटलं, आजारी नाही, करार मोडायचा आहे. सालदाराने मध्येच साल मोडणं म्हणजे काय, हे दोघांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पहिल्यांदा मला लाज वाटली, कशाची ते लिहिता येत नाही.

इंद्रसिंगने पॉलिसी काढली. टपाच्या ट्रंकेत नीट घडी करून ठेवली होती. मोठ्याने वाचली. नववं कलम त्याने दोनदा वाचलं, कारण भाषा बांधीव आहे. घेतलेलं सर्व दुपटीने. रोख ९६. ज्वारी बारा मण. धोतरं दोन, घोंगड्या दोन, वहाणा दोन जोड.

४८ पैकी शिल्लक १९. ज्वारी आम्ही खाल्ली. वहाणांचे तळ वाळूत गेले.

सुपडू म्हणाला, आम्हले दुप्पट नको रे चुडामण. तू नीट शे, तुन्हावर आम्हना जीव शे. पन साल ते साल. आखाजीले जाय, कोन आडावस.

परत येताना त्याने मला पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवलं. हँडल मारायला खाली उतरावं लागतं तेवढंच.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

उपाय सापडला. सुपडूचं साल चालू राहू दे. पहाटे ५ ते ९ मोटारी, १० ते ६ शेटची गादी. शेटना कळायचं कारण नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार. पाडवा. सकाळी १०-५

कोट घातला. शेटच्या दुकानी गेलो. गादी रिकामी होती. नवा पांढरा अभ्रा घातला होता, आणि कापूस पिंजलेला दिसत होता. नवी लाल वही उघडी, पहिल्या पानावर स्वस्तिक काढून झालेलं, लेखणी आडवी ठेवलेली. शेटनी हात जोडून, आवो मुनीमजी, म्हटलं. मी वहाणा काढल्या. गादीवर हात टेकला.

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. गोंडे अजून बांधलेलेच आहेत, त्यामुळे आवाज दबका येतो, तो मला लांबून ओळखू येतो. सुपडू पायरीवर येऊन शेटना राम राम म्हणाला. नंतर मला म्हणाला, चुडामण, टायर बठना, चाल.

शेटनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. विचारलं, साल कठे ताईं. सुपडूने सांगितलं, आखाजी. शेटनी लेखणी उचलून बाजूला ठेवली. म्हणाले, दूसरां रो सालदार म्हे कोनी राखां. दुसऱ्याचा सालदार ठेवला तर चार मालक तोंडात शेण घालतील, म्हणाले. मी सांगायला लागलो की ही पॉलिसी आहे, मंडळी आहे, मी डायरेक्टर आहे. शेट सगळं ऐकून घेत होते. ऐकताना त्यांनी मिठाईचा पुडा बांधला आणि दोन हातांनी मला दिला. सालदाराला सणाचा देतात तेवढाच.

दुपारी १-३०. टायर बदलला. डावा, मागचा.

सायंकाळी ७

पुडा भिकुबाईला दिला. तिने उघडून एक तुकडा मला, एक मालकाची गाडी घेऊन नंदुरबारला आलेल्या लोटनला नेऊन दिला. परत येऊन विचारत होती, दुसऱ्या सालाचं काय. सुपडूने तिला पोळ्यालाच सांगून ठेवलं होतं म्हणे, की पुढल्या सालीही आप्पालाच ठेवणार, दुसरा नको.

सहामाही ताळा. जमा ७५. क्लेम ०. नफा शेकडा शंभर.

निश्चय: येत्या आखाजीला प्रीमियमची बोली करताना ज्वारी आठ मणांखाली यायचं नाही. वहाणा दोन जोड.